मोटारसायकलच्या बॅटरीवरचा रेडिओ

लग्न होऊन मी बेळगावहून बंगळूरला आले, तेव्हा बॅटरीतलं मला जेवढं कळत होतं तेवढं सासरी कुणालाच कळत नव्हतं. माझ्या वडिलांचं बॅटऱ्या चार्ज करून देण्याचं दुकान होतं. खेड्यापाड्यांतून लोक रेडिओच्या बॅटऱ्या सायकलीला बांधून आणत. मी त्यांत पाणी भरायचे, गंजलेली टोकं सोड्याच्या पाण्यानं पुसायचे. ॲसिडनं माझ्या परकरांची चाळण झालेली असे. मला बघायला मंडळी आली तेव्हा आईनं बजावलं होतं, "दुकानाचं नाव काढू नकोस. शिवणकाम येतं म्हण."

सासरचं घर बसवनगुडीच्या पलीकडे, नव्या वसाहतीत. विजेचे खांब उभे होते, तारा यायच्या होत्या. घरात हे, मी आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. धाकटे दीर सैन्यात होते. लढाई सुरू झाली आणि त्यांची पत्रं थांबली. अण्णा ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन प्रत्येक बातमीपत्र ऐकत. आठवड्यात सेल संपले. ह्यांनी चिकपेटेपर्यंत दुकानं पालथी घातली, पण सगळीकडे एकच उत्तर, "स्वल्प थांबा, येतील." अण्णा मुका रेडिओ तसाच मांडीवर घेऊन बसून राहत.

मला ते बघवेना. मी ह्यांना म्हटलं, "रेडिओला दीड व्होल्टचे चार सेल लागतात, म्हणजे सहा. तुमच्या मोटारसायकलची बॅटरीही सहाचीच आहे. मी जोडून देते."

"तुला काय येतंय त्यातलं?"

तेव्हा मी पहिल्यांदा दुकानाबद्दल सांगितलं. हे नुसते हसले, पण नको म्हणाले नाहीत.

रविवारी मी अंगणात मोटारसायकलशेजारी पाट टाकून बसले. बॅटरीच्या टोकांना दोन वायरी लावल्या, धन बाजूच्या वायरीला लाल दोरा गुंडाळला आणि दोन्ही खिडकीतून अण्णांच्या खुर्चीपर्यंत नेल्या. रेडिओ बोलू लागला. अण्णांनी डोळे पुसले आणि कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाले. मी दोघांनाही सांगितलं, "गाडी चालू करण्याआधी वायर काढायचीच. इंजिन फिरलं की डायनॅमो जास्त व्होल्टेज देतो. रेडिओ जळेल."

शेजारपाजारचे बातम्या ऐकायला येऊ लागले. हे सगळ्यांना समजावून सांगत, "चार सेल म्हणजे सहा व्होल्ट. म्हटलं, गाडीची बॅटरीही सहाचीच की!" शब्द माझेच होते. मी कॉफीचे पेले फिरवत ते ऐकत असे. पहिल्या दिवशी तर मला बरंच वाटलं, नवऱ्याचं कौतुक होतंय म्हणून. चौथ्या दिवशी त्याच कॉफीचा वास नकोसा झाला.

मग एका संध्याकाळी ह्यांच्या ऑफिसातले साहेब आले. सगळं बघून त्यांनी विचारलं, "गाडी चालू असतानाही चालतो का हा?"

"चालतो की," म्हणत हे उठले.

मी स्वयंपाकघरातून धावत आले. "अहो, नको, आधी वायर—"

ह्यांनी किक मारलीच, आणि वर जोरात ॲक्सिलरेटर पिळला. रेडिओ किंचाळला, जळका वास आला आणि सगळं गप्प झालं. साहेब आपल्या बुटांकडे बघत राहिले. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "हिनं जोडलं होतं. मी सांगत होतो, नको त्या भानगडीत पडू नकोस."

अण्णा मुलाला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "माझा पोरगा तिकडे गोळ्यांत उभा आहे आणि तू इथे खेळ मांडलास?"

त्यानंतर ते काठी टेकत दोन गल्ल्या पलीकडे बातम्या ऐकायला जात. माझ्या हातची कॉफी त्यांनी सोडली. मी पेला ठेवायचे, तो निवायचा, मी तो मोरीत ओतायचे.

रेडिओ दुरुस्तीला नेला तेव्हा मी हट्टानं बरोबर गेले. वायरीसकट सगळं नेलं होतं. दुरुस्तीवाल्यानं आत बघितलं, वायरीची टोकं बोटांनी चाचपली आणि कन्नडमध्ये म्हणाला, "जोडणीत दोष नाही. काम स्वच्छ आहे. इंजिन चालू केलंत म्हणून जळला. कुणी जोडलं होतं?"

"मीच," हे म्हणाले.

मी शेजारी पिशवी धरून उभी होते. एक शब्द पुरे होता. नवऱ्याला भर बाजारात खोटं पाडायचं नाही, हे अंगात इतकं मुरलेलं की तोंड उघडलंच नाही. त्यांच्या खोटेपणाचा राग पुढे बोथट झाला. माझ्या गप्प राहण्याचा नाही झाला.

दीर सुखरूप परतले. अंगणातच अण्णांनी त्यांना मिठी मारली आणि पहिल्या जेवणाला हसत सांगितलं, "तू तिकडे लढत होतास, इकडे तुझ्या वहिनीनं रेडिओ जाळला." सगळे हसले. ह्यांचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. दिरांनी मला विचारलं, "खरंच, वहिनी?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ते ताटातली भाजी चिवडत होते.

"हो," मी म्हटलं आणि भात वाढला.