गाडीचा ॲव्हरेज नऊवर का आला

आज सकाळी मनीषनगरच्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने बाबांसमोर मला एक प्रश्न विचारला, आणि तिथेच माझं सगळं संपलं.

मित्रांनो, आमच्या गाडीचा ॲव्हरेज पंधरावरून नऊवर आला होता. मी आधी पंपवाल्याशी भांडलो. मग मिस्त्रीवर ओरडलो, की गाडीतला ॲव्हरेजचा डिस्प्लेच खोटा आहे. त्याने इंजिनात हवा जाते तो थ्रॉटल उघडून दाखवला. आत डांबरासारखा काळा कार्बन.

"डिस्प्ले बरोबर आहे गा. गाडी उभी ठेवून इंजिन चालू ठेवतं काय तू? पेट्रोल जळते, किलोमीटर वाढत नाही. कार्बनही असाच साचते."

"उभी कायले राहीन?" बाबा म्हणाले. "हा तं रोज कॉलेजले जाते."

कॉलेज मी दिवाळीतच सोडलं. रोज दुपारी धरमपेठेत मला आवडणाऱ्या एका मुलीच्या क्लाससमोर एसी लावून दोन-दोन तास बसतो. येत जाऊ नको, असं तिने दोनदा सांगितलं. तरी जातो.

परत निघताना गाडीत बसल्यावर बाबांना हे सगळं सांगितलं. वाटलं, कॉलेजवरून शिव्या देतील.

ते एवढंच म्हणाले, "नाही म्हटल्यावरही जाते? ती पोरगी भेत असन बे तुले."

खरं सांगतो, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. मी याला प्रेम समजत होतो. तुमच्यापैकी कोणाला असं उशिरा कळलंय काय? मग तुम्ही काय केलं?

मी गाडी सुरूच केली नाही. "आता गाडी तुमच्याकडेच ठेवा," म्हणत चावी बाबांच्या हातात दिली, खाली उतरलो आणि दार लावलं.