पॉइंटांचं गाऱ्हाणं

किनाऱ्यावरच्या आमच्या रुग्णालयात मी अपघात विभागाची डॉक्टर. विषारी फुरसं चावलेला येवो, छातीत कळ आलेला येवो, माझा हात थरथरत नाही. थरथरले मी फक्त डॉक्टरकीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला. पाच वर्षांत कार्यशाळांना हजेरी लावून ठरलेले पॉइंट जमवले नाहीत तर नोंदणी संपते, आणि नोंदणी संपली की पेशंटला हात लावायचा नाही. कार्यशाळा असली की त्या दिवशी नेमकी माझी ड्यूटी! महिनाअखेरीला मुदत संपणार होती आणि हाताशी उरली होती रविवारची कोल्हापूरची एकच कार्यशाळा.

सासऱ्यांनी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्याकडे होडी पाण्यात लोटतानाही देवाला मोठ्याने सगळं सांगतात. देवापाशी लपवालपवी चालत नाही. अंगणात शेजारी जमले. नारळ पुढे ठेवून सासरे गरजले, "बा देवा म्हाराजा! आमच्या सुनेचे पॉइंट कमी पडलेत, ते पुरे कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खी वाडी.

दुसऱ्या दिवशी हातात शिंगाळा माशाचा विषारी काटा घुसलेला एक मासेमार आला. मी त्याचा हात गरम पाण्यात बुडवला, तर हा माझ्याकडेच संशयाने बघतोय.

"दाक्तरीणबाय, तुमी नापास झालात म्हणान आयकलंय."

"महिनाअखेरपर्यंत पास आहे!"

"मगे बेगीन काडा काटो!"

काढला. एका झटक्यात.

कोल्हापुरात रबरी पुतळ्याची छाती दाबून दाखवायची होती. नीट दाबली तर हिरवा दिवा लागतो. माझा लागला, आणि लागणारच होता. वर्षानुवर्षं तेच तर करतेय. शिकवणारे सर म्हणाले, "उत्तम! पेशंट वाचला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

मागून कुडाळ-कणकवलीच्या डॉक्टरांनी लगेच साथ दिली, "व्हय म्हाराजा!" सर बावरून पुतळ्याकडेच बघू लागले.

नूतनीकरण झालं. सासरे म्हणाले, "देवाक हळूच सांगून इलंय, काम झाला."

"हळूच? मागताना अख्खी वाडी, आणि मिळाल्यावर देवाच्या कानात? बोलवा सगळ्यांना!"

पुन्हा अंगण भरलं. या खेपेला सगळ्यांत मोठा 'व्हय म्हाराजा' माझाच. मासेमारही आला होता. बरा झालेला हात हलवत म्हणाला, "आता पाच वर्सां काय पण घुसांदे!"