वरची शेवटची पट्टी

आमचे हे घरोघरी जाऊन पियानो सुरात लावून देतात. वाजवता मात्र धड येत नाही. काम झालं की एकच धून वाजवून बघायची. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर बोटं मागेपुढे करत सुरू होते ना, ती, जगभर सगळ्यांना पाठ असलेली. तीसुद्धा अर्धीच. मग हत्यारं पिशवीत!

लग्न झाल्या झाल्या मी विचारलं होतं, ही कुणी रचली? म्हणाले, एका मोठ्या संगीतकारानं, एका बाईसाठी. पण ती बाई कोण, ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही.

"ठाऊक नाही कसं? शेजारणींना विचारायचं, तासाभरात कळलं असतं!"

हे पोट धरून हसले. तो माणूस पुढे बहिरा झाला, तेही सांगत होते, पण माझं सगळं लक्ष त्या बाईत.

आता गेले काही महिने दर बुधवारी यांची स्वारी एका निवृत्त संगीतशिक्षिकेकडे जाते. एकच पियानो दर आठवड्याला बिघडतो होय? बाई एकट्या राहतात, टापटीप. विचारलं की उत्तर ठरलेलं, "तारा जुन्या आहेत." आणि घरी काय? मी स्वयंपाकघरातून हळूच "ठोंब्या" पुटपुटले की बाहेरून लगेच "ऐकलं हं!" यायचं. कितीतरी वर्षांचा आमचा खेळ तो. हल्ली ठोंब्या म्हणा नाहीतर गाढव म्हणा, पेपरातून डोकं वर होत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. माणसाचं चित्त दुसरीकडे असलं की असंच होतं.

काल मी मागोमाग गेलेच. बाईंचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून तीच धून येत होती. माझं डोकं सणकलं. सरळ आत शिरले. हे माझ्याकडे पाठ करून पियानोपाशी बसलेले.

"वरची शेवटची पट्टी अजून उतरलेली आहे," बाई त्यांना मोठ्यानं सांगत होत्या.

यांनी ती दाबून पाहिली. "मला नुसता लाकडाचा ठोका ऐकू येतो हो. सूर येतच नाही. हाताच्या अंदाजानं जमतंय का, ते तुमच्या कानांनी तपासायलाच तर येतो. हिला मात्र कळू देऊ नका. भांडली तर चालेल, पण कीव करायला लागली तर मी संपलो."

बाईंना मी दिसले. मी ओठांवर बोट ठेवलं, यांच्या पाठीशी गेले आणि नेहमीसारखंच पुटपुटले, "ठोंब्या."

मान वळली नाही.

त्या संगीतकाराच्या दोन गोष्टींतली मी भलतीच धरून बसले होते. इतके महिने मी जे टोमणे मारले, ते या माणसापर्यंत पोचलेच नव्हते. राग तर असा आला, यांचा की माझा, कोण जाणे.

यांनी तारेच्या खुंटीला किल्ली लावून पट्टी पुन्हा दाबली. इतकी वर्षं ऐकून उतरलेला सूर मलाही कळतो.

"अजून वर!" मी खणखणीत ओरडले.

हात थबकला. वळले नाहीत. किल्ली जराशी फिरवली, पट्टी दाबली.

"बस?" त्यांनी मलाच विचारलं.

"बस, ठोंब्या!"

"ऐकलं हं," ते म्हणाले.