प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभे राहिलेले वामनभाऊ

वामनभाऊंची पहिली भेट झाली ती माझ्या लग्नानंतर, कुरखेड्याच्या घरी. माझे यजमान त्यांच्या नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. चहा घेता घेता भाऊ म्हणाले, "बाई, तुमचा नवरा गप बसला तर आमचे सारे राजे मुके होतेत." आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या नाटकवेड्या भागात, नट रोज वेगळ्या नाटकात उभे राहतात, त्यामुळे संवाद पुरते पाठ नसतात. समोर बसलेला प्रॉम्प्टर सांगेल तेच रंगमंचावर बोलले जाते.

यजमान गेल्या वर्षी गेले. भाऊंच्या पंचाहत्तरीचा हा लेख खरे तर त्यांनी लिहायचा.

इंग्रजांच्या काळात नुसत्या संशयावरून तुरुंगात गेलेल्या लेखकांवर भाऊंनी नाटक लिहिले. प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी साध्या कपड्यांतला एक अनोळखी माणूस तालमीत आला. "कोर्टाचा प्रवेश वगळा," एवढेच म्हणाला. सरकारला जाब विचारणाऱ्या भाषणाचा तो प्रवेश नवाच लिहिलेला होता. मंडळीबाहेर कुणालाही ठाऊक नव्हता. यजमानांचा पुतण्या गडचिरोलीला पोलिसात. साऱ्यांच्या नजरा यांच्याकडे फिरल्या. खलनायकाचे काम करणारे गृहस्थ माझ्यादेखत यांना म्हणाले, "काऊन गा, पुतण्याले चहासोबत नाटकबी पाजलं का?"

यांना काढावे, असे मंडळीचे ठरत आले होते. भाऊ म्हणाले, "तोच बसन. अन् कोर्टातलं भाषण मी पाठ करून नाई राह्यलो."

लेखकाची भूमिका भाऊंचीच होती. यांनी ते भाषण गाळले असते, तर भाऊ भरल्या मांडवात मुके उभे राहिले असते. मी रंगमंचाकडे पाहिलेच नाही. यांच्या ओठांकडे पाहत होते. यांनी एक शब्द गाळला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी भाऊंना चौकशीला बोलावले. भाषण कुणी सांगितले, असे विचारल्यावर ते म्हणाले, "लिहिलं मी, बोललो मी." दिवसभर त्यांना बसवून ठेवले, पण यांचे नाव त्यांनी घेतले नाही.

बातमी कुणी दिली, ते कधीच कळले नाही. मंडळीतले जुने कुणी बाजारात भेटले, की अजूनही माझ्या मनात येते, हेच तर नसतील?

यजमानांच्या तेरवीला भाऊ आले, तेव्हा मी विचारले, "तुमचा विश्वास होता ना यांच्यावर?"

ते म्हणाले, "शंका मलेबी होती, बाई. पण नुसत्या शंकेवर माणूस काढायचा, तर मंग ते नाटक कायले करायचं?"

ते खरे बोलले, म्हणून माझा आदर वाढला.

गावात काही जण आजही त्या दिवसाविषयी हळूच विचारतात. मी त्यांना भाऊंकडे पाठवते. असे विचारणारे संपेपर्यंत तरी भाऊंची प्रकृती ठणठणीत आणि आवाज खणखणीत राहो, हीच माझी प्रार्थना.