वाकडे वण

ना खून, ना दरोडा, ना साधी मारामारी. तरीही एवढ्या वर्षांच्या नोकरीतलं कोणतं प्रकरण मनातून जात नाही, असं कोणी विचारलं की मी मुळशीतल्या त्या देवीडॉक्टरचं प्रकरण सांगतो. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला पिस्तूल हवं असतं आणि माझ्याकडे असतात बावीस लहान मुलांचे दंड.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मुळशी भागातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. ठाणं म्हणजे कौलारू दोन खोल्या, एक कोठडी आणि ओसरीवर पाण्याचा रांजण. देवीची लस टोचण्याची मोहीम जोरात होती. लस टोचणाऱ्या सरकारी माणसाला लोक देवीडॉक्टर म्हणत आणि टोचण्याला देवी काढणं म्हणत. हिंजवडी, जांबे या अंगाला ज्वारीची शेतं होती, सायकल जाईल असा रस्ता होता. धरणाच्या पाण्यापलीकडे मात्र डोंगर आणि त्यात विखुरलेल्या वाड्या. तिथं जायचं तर होडीनं पाणी ओलांडून पुढं दोन तास चढ चढायचा.

एके दिवशी सकाळी आरोग्य खात्याचे एक पर्यवेक्षक ठाण्यावर आले. मी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांची फिर्याद त्यांच्याच हाताखालच्या एका देवीडॉक्टरविरुद्ध होती.

"घरी बसून याद्या भरतो, साहेब," ते म्हणाले. "पलीकडच्या वाडीत बावीस मुलांना देवी काढल्या असं लिहिलंय. प्रत्यक्षात तिकडे फिरकलासुद्धा नाही. मी स्वतः जाऊन आलो. हे गावकऱ्यांचे जबाब, अंगठ्यांसकट."

सरकारी दप्तरात खोट्या नोंदी, म्हणजे नोकरी तर जाणारच, वर तुरुंग. शिवाय उद्या त्या वाडीत देवीची साथ आली असती, तर ती बावीस मुलं कुणाच्या भरवशावर होती? मला संताप आला. प्रकरण सरळ वाटलं, आणि सरळ वाटणाऱ्या प्रकरणात पोलीस जरा आळशी होतो.

दुपारी तो देवीडॉक्टर पायी आला. वय पंचवीसच्या आसपास, मॅट्रिक झालेला, धुतलेला कोट, खांद्याला लशीची पिशवी. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, नुकताच बौद्ध झालेला. त्याच्या घराण्यात सरकारी नोकरी लागलेला तो पहिलाच. मी त्याला उभंच ठेवलं.

"वाडीवर गेला होतास?"

"दोनदा, साहेब. एकदा देवी काढायला आणि आठ दिवसांनी फोड आलेत का ते बघायला."

"मग काय, सगळी वाडी खोटं बोलते?"

तो खाली बघत म्हणाला, "त्यांचीही काही अडचण असेल."

आरोपी फिर्यादीच्या साक्षीदारांची अडचण सांगतोय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अशा वेळी सराईत माणूस आईची शपथ घेतो, नाहीतर दुसऱ्यावर ढकलतो. मी डाफरलो, टेबलावर रूळ आपटला. "अडचण कसली? नीट सांग!" त्यानं पिशवीतून एका अर्जाची नक्कल काढली. ती माझ्या हातात दिली नाही, टेबलाच्या कडेला ठेवली.

अर्ज त्यानं खात्याच्या वरिष्ठांना केला होता. त्यात लिहिलं होतं: पर्यवेक्षकांच्या कचेरीत मला बसायला जागा नाही, ओसरीवर बसवतात. पिण्याचं पाणी वेगळं. लस वाटताना सगळ्यांत शेवटी माझी पाळी, तोवर बर्फ वितळलेला असतो. रस्त्याकडची गावं दुसऱ्याला आणि पाण्यापलीकडच्या वाड्या सगळ्या मला. अक्षर सुरेख होतं आणि एकही शब्द चढा नव्हता. मी तारीख पाहिली. अर्ज वर गेल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ही फिर्याद माझ्याकडे आली होती.

हे मी टिपून ठेवलं. पण वैर आहे म्हणून फिर्याद खोटी ठरत नाही. तो वाडीवर गेला होता की नाही, प्रश्न तेवढाच होता.

जाताना त्यानं पाणी मागितलं. हवालदारानं रांजणातलं पाणी वरून ओतलं आणि तो ओंजळीनं प्यायला. पेला तिथंच पालथा होता. मी टेबलाशी बसून ठाण्याची डायरी लिहीत होतो आणि हे सगळं मला समोर दिसत होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

दोन दिवसांनी बाजारच्या दिवशी धरणावरचा होडीवाला ठाण्याच्या पायरीशी घुटमळताना दिसला. आत बोलावलं.

"सायेब, येक सांगू का? पर माजं नाव कुटं लिवू नगा."

"सांग."

"त्यो डागतर दोनदा माज्या व्हडीत बसला व्हता. मदी आठ दिस ठेवून. लोक म्हनत्यात त्यो गेलाच न्हाई. मंग मी काय भूत न्हेलं व्हय?"

"मग तसा जबाब दे की."

"मला तितंच ऱ्हायाचंय, सायेब. तुमी काय, बदली झाली की चाललात."

माणूस खरं बोलत होता. मी त्याचं नाव कुठं लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी शिपायाला घेऊन मी वाडीवर गेलो. पाटील देवळाच्या ओट्यावर बसले होते. "कुनी आलं न्हाई हितं," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "कागुद दिलाय की आमी, अंगठं लावून."

भोवती पोरं जमली होती, बहुतेक उघडीच. प्रत्येकाच्या दंडावर दोन ताजे वण होते. मी बोट दाखवलं.

"ते व्हय? ते दुसऱ्या डागतरनं काढल्यात."

"कधी?"

पाटील म्हणाले, संक्रांतीला. शेजारचा म्हातारा म्हणाला, शिमग्यात. तिसरा म्हणाला, आठवत न्हाई. खोटं ठरवून बोलतात तेव्हा माणसं काय झालं ते ठरवतात, कधी झालं ते ठरवायला विसरतात.

पण माझं लक्ष त्या वणांकडे गेलं होतं. माझ्या दंडावर लहानपणचे वण आहेत, गोल, एका रेषेत. या पोरांचे तसे नव्हते. एक वर तर एक खाली, कुठं ओढल्यासारखा लांबट, कुठं नुसता ओरखडा. आठ-दहा पोरं पाहिली, सगळ्यांचे तसेच. मी शिपायाला पंचनाम्यात प्रत्येक वणाचं चित्र काढायला लावलं. तो तोंड फिरवून हसला. मी मात्र मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता की माणूस गेला होता, पण पिऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा बोलावलं. "दारू पितोस?"

त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "नाही, साहेब."

"मग हे असे वाकडे का?" मी चित्रं पुढं सरकवली.

त्यानं एकेक चित्र उचलून पाहिलं. मग म्हणाला, "देवी काढताना डाव्या हातानं दंड खालून घट्ट धरावा लागतो. कातडी ताणून धरली की टोचायच्या अवजाराची दातेरी चकती जागच्या जागी फिरते आणि वण गोल उठतो. कातडी सैल राहिली की चकती घसरते."

"मग धरायचा दंड."

"धरू कोण देणार?" तो म्हणाला. "पोर आईच्या मांडीवर. दंड आईनंच धरायचा. मी हात लांब करून चकती फिरवायची, माझं बोटसुद्धा लागता कामा नये. या अटीवर त्यांनी काढू दिल्या. शेजारच्या वाडीत दोन पोरं दगावली होती, साहेब. मी कबूल झालो."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"नियमात बसत नाही. दंड टोचणाऱ्यानंच धरायचा असतो." मग चित्रं माझ्याकडे परत सरकवत म्हणाला, "आणि सांगवलं नाही."

मी बसा म्हणालो. खुर्चीवर. इथून पुढं मी त्यांना 'ते'च म्हणणार आहे. त्या क्षणापर्यंत मी एका मॅट्रिक झालेल्या सरकारी नोकराला अरे-तुरे करत होतो, आणि पर्यवेक्षकांना चहा पाजत होतो.

मी परत वाडीवर गेलो. या खेपेला डॉक्टर आले होते का, असं कुणाला विचारलंच नाही. आयांना म्हणालो, "पोरं मांडीवर घ्या आणि त्या दिवशी दंड कसा धरला होता, तेवढं दाखवा. बोलू नका." आधी कुणी हललं नाही. मग एका तरुण बाईनं पोराला मांडीवर ओढलं, त्याचं तोंड आपल्या कुशीत वळवलं आणि दंड धरला. तिचा अंगठा बरोबर वणाच्या शेजारी आला. ती पाटलांची सून होती.

"सूनबाई!" पाटील गरजले. "पोरींच्या सोयरिकी जुळवायच्यात आजून! त्यो अंगनात आला व्हता हे कागदाव आलं, तर दारात कोन उभं ऱ्हाईल आपल्या?"

तिनं पदर पुढं ओढला, पण दंड सोडला नाही. "मामंजी, मीच धरला व्हता. त्येला म्हनलं, शिवू नगं, लांबनंच कर. त्येनं लांबनं केलं. पोर जगलं माजं. आता खोटं बोलून देवीआईचा कोप घिऊ का?"

त्या दिवशी अकरा आयांचे जबाब झाले.

पर्यवेक्षकांना मी एकच प्रश्न विचारला. "तुम्ही वाडीवर जाऊन अंगठे घेतलेत. एका तरी पोराचा दंड बघितलात?" ते म्हणाले, तशी गरज वाटली नाही. देवी काढल्या की नाही हे ठरवायला गेलेल्या माणसाला दंड बघायची गरज वाटली नाही! फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी वर पाठवला आणि डॉक्टरांची नोकरी वाचली.

त्यांच्या अर्जाचं काय झालं, हे त्यांनीच येऊन सांगितलं. चौकशीअंती तक्रारीत तथ्य आढळलं नाही, असं उत्तर आलं होतं आणि त्यांची बदली झाली होती. मी म्हणालो, फार वाईट झालं. एवढंच म्हणालो. अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवणारा कायदा होऊन बरीच वर्षं झाली होती, त्याची प्रत माझ्या कपाटात होती. मनात आणतो तर त्या कचेरीतल्या वेगळ्या पाण्याची मी दखल घेऊ शकलो असतो. पण ती खात्याची अंतर्गत बाब आहे, वरून आदेश नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्याची मला आजही लाज वाटते. खोटी तक्रार खोटी ठरवल्यावर मला शाबासकी मिळाली. खरी तक्रार खरी ठरवायची, तर आधी माझ्याच ओसरीवरच्या रांजणापासून सुरुवात करावी लागली असती. या प्रकरणानं मला शिकवलं ते हे, आणि शिकायला मी वेळ लावला.

ते निरोप घ्यायला आले तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती, तिच्या देवी राहिल्या होत्या. मी त्यांना घरी घेऊन गेलो. बायको मुलीला घेऊन पाटावर बसली आणि तिनं स्वतःच मुलीचा दंड धरला. डॉक्टरांनी चकती काढली आणि सवयीनं हात लांब केला.

"तुम्ही धरा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं हात सैल केला. तिच्या मनात काय आलं होतं, मी कधी विचारलं नाही. डॉक्टरांनी नुसत्या दोन बोटांनी दंड धरला, मुलीनं हिसका दिला आणि चकती घसरली.

"अहो, घट्ट धरा ना! हलतीये ती," बायको वैतागून म्हणाली. कुठल्याही आईनं कुठल्याही डॉक्टरला म्हणावं तसं.

त्यांनी पंजा पूर्ण उघडला आणि दंड खालून धरला.

मुलीला आता नातवंडं व्हायची वेळ आली. तिच्या दंडावर दोन वण आहेत, वरचा वाकडा आणि खालचा अगदी गोल. लहानपणी ती विचारायची, "हा असा का? डॉक्टरांचं चुकलं होतं का?"

मी सांगायचो, "नाही. आमचं."