डाव्या कानातला दडा

मुश्ताकच्या डाव्या कानात आठवडाभर दडा बसला होता, आणि अख्ख्या दुबईत ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. मॉलमधल्या अवाढव्य काचेच्या टाकीत पर्यटकांना लोखंडी पिंजऱ्यातून शार्क दाखवायला न्यायचं, हे त्याचं काम. कान बंद म्हणजे पाणी बंद, आणि पाणी बंद म्हणजे आज ना उद्या व्हिसाही खलास. सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. जबडा हलवत, खोट्या जांभया देत, नाक दाबून फुंकत तो टाकीच्या काठाने येरझारा घालत होता.

पहिल्याच फेरीला पुण्याचे चारुदत्त नावाचे साहेब आले. ग्रेट व्हाइट शार्क दिसणार नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड पडलं. तो मासा टाकीत तग धरत नाही, हे मुश्ताकने रोजच्यासारखं समजावलं. पोस्टरवर तर तोच छापलाय, असं साहेब म्हणाले. पोस्टर मी नाही छापलं, असं म्हणत मुश्ताकने त्यांच्या कमरेला वजनाचा पट्टा आवळला.

पिंजरा खाली सोडायचं यंत्र शौकतच्या हातात. मुश्ताकने त्याला आज हळू, अजून हळू, असं बजावून ठेवलं होतं. हळू उतरलं की पाण्याचा दाब कान कसाबसा सोसायचा. पाहुण्यांना वाटे, थरार वाढवतायत. शौकतला तसं वाटेना.

"मुश्ताकभाई, हा पिंजरा आहे की नवरीची डोली?"

मुश्ताक हसला नाही. दुपारच्या फेरीला त्याची लेक हिबा यायची होती. वाढदिवसाला तिने हेच मागितलं होतं, आणि सोबत रत्नागिरीहून आलेली त्याची आई मैमुनाबीही येणार होती. त्यात तिथला एक नियम त्याच्या डोक्यात भुंग्यासारखा घोंगावत होता. कानाच्या तक्रारीवरून पिंजरा वर आला, तर आतल्या दोघांचेही कान नर्स नीरवने तपासायचे.

दोघी आल्या. मैमुनाबीने काठावरून वाकून शार्क पाहिले. "या अल्ला, एवढ्या मुशी! आणि एकीचंही कालवण नाय?"

"दादी, प्लीज. दे आर नॉट लंच," हिबा म्हणाली.

कान दुखला तर कानाला बोट लावायचं, लाजायचं नाही, असं मुश्ताकने लेकीला दोनदा सांगितलं. सांगताना त्याची नजर नीरवच्या टेबलाकडे गेली.

बाप-लेकीला घेऊन पिंजरा पाण्यात उतरला. एक शार्क गजांना घासून गेला. हिबाने बोटांचा गोल करून सगळं ठीक असल्याची खूण केली. मग तिने जबडा हलवला. थोड्या वेळाने पुन्हा. मुश्ताक बघतच राहिला. सकाळपासून तो स्वतः हेच तर करत होता. त्याने आपल्या कानाला बोट लावून विचारलं. तिने घाईघाईने नकारार्थी मान हलवली, पुन्हा गोल करून दाखवलं. पण मास्कच्या काचेआड तिचे डोळे भरून आले होते.

फेरी संपतच आली होती. थोडं थांबलं असतं, तर कुणी काही विचारलंही नसतं. वर घ्यायची खूण म्हणून मुश्ताकने दोरीला हिसका दिला.

वर येताच शौकतने विचारलं, काय झालं.

"आय गॉट स्केअर्ड, दॅट्स ऑल," हिबा पटकन म्हणाली.

भीतीच्या खात्यात गेलं असतं, तर नीरव खुर्चीवरून उठलाही नसता. मुश्ताकने मास्क काढला. ओला हात तोंडावरून फिरवला.

"भीती नाही," तो म्हणाला. "कान."

"अब्बा, आय वॉज फाइन."

"नव्हतीस, बेटा."

नीरवने हिबाचा कान पाहिला. आतून लाल झालाय, पडद्याला धक्का नाही, काही दिवस पाण्याला शिवायचं नाही, असं त्याने सांगितलं. मैमुनाबी पुटपुटत नातीच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मग नीरवने बॅटरी मुश्ताककडे वळवली आणि त्याच्या उजव्या कानाकडे वाकला.

"उजवा राहू दे," मुश्ताक हळूच म्हणाला. "डावा बघ. आठवडा झाला."

हिबा गर्रकन वळली. नीरवची बॅटरी तशीच हवेत राहिली.

पलीकडे पुढचे पाहुणे पट्टे बांधून तयार होते. "यल्ला, मुश्ताकभाई," शौकतने हाक दिली, "लोक थांबलेत."

मुश्ताकने नीरवसमोर डावा कान धरला.

"दुसऱ्या कुणाला बोलव," तो शौकतला म्हणाला.