विसार दिल्यानंतरचे तीन महिने

पावसात आमचं पाल गळायला लागलं की आई आधी पिठाचा डबा झाकायची, मग आम्हांला. मेंढरांमागं फिरणारी आम्ही माणसं. पाबळकडून निघायचं, घोडीवर भांडीकुंडी आणि कोंबड्या बांधायच्या आणि भीमेच्या काठापर्यंत रानोरान मुक्काम करत जायचं. ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्याला खत मिळायचं, आम्हांला ज्वारी. एका उन्हाळ्यात आईला टायफॉईड झाला. डॉक्टर म्हणाले, घरी नेऊन तीन आठवडे आराम द्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मान हलवली आणि तिला घोडीवर बसवून पुढच्या रानात नेलं.

मला शाळेसाठी मामांकडं पाबळला ठेवलं होतं. आमच्या घरात कॉलेज केलेली मी पहिली. हे मी मिरवूनच सांगते. बी.कॉम. झाले, कंपनीच्या ऑफिसात चिकटले आणि पगार सुरू झाल्यावर एकच ठरवलं, की आईला घर घ्यायचं.

वडगाव रासाईला ज्या आप्पांच्या रानात आम्ही दर उन्हाळ्यात बसायचो, त्यांचंच गावातलं जुनं घर रिकामं होतं. दोन खोल्या, पुढं मोठं अंगण. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, "दुसऱ्या कुणाला देण्यापरीस तुम्हीच घ्या." किंमत ठरली, विसार दिला, पेढे खाल्ले. मी आबांना फोन करून म्हणाले, "झालं आबा. घर आपलं."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

कारण पुढच्याच आठवड्यात बँकेच्या वकिलानं कागद बघितले आणि विचारलं, "बहीण आहे का यांना?" होती. दौंडला दिलेली. वडिलांमागं घरावर दोघांची नावं लागली होती, म्हणून तिची सही झाल्याशिवाय खरेदीखत नाही आणि खरेदीखताशिवाय कर्ज नाही. आप्पा बेफिकीर होते. "करंल की. ती कुठं न्हाई म्हणती?"

ती नाही म्हणत नव्हती, पण हो पण म्हणत नव्हती. आधी तिच्या नातवाचं जावळ होतं, मग तिचे गुडघे दुखत होते. दोन महिने गेले. बँकेच्या कर्जमंजुरीच्या पत्राची मुदत संपत आली. मी ऑफिसात बसून चुकीचे आकडे टाकायला लागले. साहेब म्हणाले, "लग्न ठरलंय का?" मी म्हणाले, "घर ठरलंय, तेच अडकलंय."

एवढं सगळं चाललेलं असताना आबांना मी काही सांगितलं नाही. म्हटलं, त्यांना वारस, संमती, मंजुरी काय कळणार. शिकल्याचा हा माज होता, दुसरं काही नाही.

एका रविवारी दुपारी वडगावला गेले तर त्या घराच्या अंगणात वाघर लावलेली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. आत आमची मेंढरं, दाराशी घोडी, ओट्याजवळ आईची तीन दगडांची चूल.

"आबा, हे काय केलं?"

"तूच म्हणाली ना, आपलं झालं म्हणून?"

"अजून खरेदी व्हायचीय आबा."

"मालकानं बसा म्हटलं की बसायचं. आजवर कुणाच्या रानात कागद करून बसलो का आपण?"

त्यांचा आख्खा जन्म तसाच गेला होता आणि कुणी त्यांना उठवलं नव्हतं. पण गावातल्या कुणीतरी तोवर दौंडला कळवलं होतं, की धनगरांनी कब्जा घेतला. संध्याकाळच्या आत आप्पांच्या बहिणीचा मला फोन आला. "मेंढरं घालून घर घेता व्हय? आता न्हाई करत सही. काय करायचं ते करा." आप्पासुद्धा हबकले. "मी बसा म्हटलं, पण असं व्हईल वाटलं न्हवतं," एवढंच आबांना म्हणाले.

आबांनी दिवस बुडायच्या आत वाघर काढली. आईनं अंगण झाडलं, चुलीचे दगड उचलून बाहेर टाकले. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी दौंडला निघाले. आबा म्हणाले, "मी येतो. चूक माझी हाय." मी अडवत होते, पण ते धुतलेलं धोतर नेसून आधीच एसटीत जाऊन बसले.

आप्पांची बहीण दारातच मेथी निवडत होती. आम्हांला बघून हात थांबले नाहीत.

"लेंड्या तशाच ठिवल्या का माझ्या बापाच्या अंगणात?"

"न्हाई ताई, झाडून घेतल्या," आबा म्हणाले. "रान असतं तर ठिवल्या असत्या. लोक त्याचं धान्य देत्यात."

तिला हसू आलं असावं, तिनं मान खाली घातली. मी फाईल उघडून बँकेचं सांगायला लागले. तिनं मला थांबवलं. "कागद मला दोनदा आला. भावानं धाडलेला एजंट घेऊन आला. भाऊ न्हाई आला. बाप गेल्यापासून त्या घरात ये म्हणून मला कुणी म्हटलं न्हाई."

मी फाईल मिटली. आबा खाली जमिनीवर बसले.

"ताई, आमची रीत हाय. रानाला दोन मालक असले तर दोघांनाबी इचारून बसायचं. मी एकालाच इचारलं. आता तुम्हाला इचारतो. बसू का?"

तिनं मेथीचे देठ बाजूला सारले. मग म्हणाली, "आधी त्याला पाठवा."

हो म्हणाली नाही. परतताना आबा खिडकीबाहेर बघत होते आणि मी पत्रावरची तारीख. त्याच दिवशी आप्पांच्या घरी जाऊन मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. ते चिडले. "आता बहिणीच्या पाया पडू का?" मी म्हणाले, "पाया पडू नका. नुसतं जा." चार दिवस काही कळलं नाही. पाचव्या दिवशी आप्पा गेले आणि बहिणीला घेऊन वडगावला आले. दोघं त्या रिकाम्या घरात दुपारभर होते. काय बोलले, तिच्या वाट्याचं काय ठरलं, मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात, पत्राची मुदत संपायच्या आत, शिरूरच्या नोंदणी कार्यालयात तिनं सही केली, अंगठा दिला. माझ्याशी बोलली नाही. आबांना मात्र म्हणाली, "बसा आता."

वडगाव रासाईचं ते घर आज माझ्या आणि आईच्या नावावर आहे.